अप्सरा ‘स्वतंत्र’ होत्या म्हणे!

तिखटमीठ (धागाकर्ती)
नातेवाइकांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. खजुराहोच्या एका मूर्तीचा फोटो आणि खाली गुलाबी अक्षरांत: ‘अप्सरा, भारतातली पहिली स्वतंत्र स्त्री. नवरा नाही, सासर नाही, म्हातारपण नाही.’ खाली बदामांचा सडा. डोकं फिरलं म्हणून इथे येऊन लिहितेय.

रामायणाच्या बालकांडातली रंभा वाचलीय का कुणी? विश्वामित्राचं तप मोडायला इंद्र तिला पाठवतो. ती हात जोडून सांगते, ऋषी कोपिष्ट आहे, शाप देईल, मला भीती वाटते. इंद्र म्हणतो, घाबरू नकोस, मी कोकिळ होऊन मदनासोबत तुझ्या जवळच थांबतो. शाप मिळतो: दहा हजार वर्षं शिळा होऊन पड. आणि साहेब? मदनासकट पसार. नोकरी केलेल्या कुणालाही हा साहेब लगेच ओळखू येईल.

उत्तरकांडात तीच रंभा नलकूबराकडे निघालेली असताना रावण वाट अडवतो. ती विनवते, नलकूबर तुमचा पुतण्या, मी नात्याने तुमची सून. त्यावर रावण म्हणतो, ‘पतिरप्सरसां नास्ति’. अप्सरांना कुठला आलाय नवरा! पुढे जबरदस्ती. आता ती गुलाबी अक्षरं परत वाचा. तुम्ही ज्याला स्वातंत्र्य म्हणून बदाम देताय, तोच रावणाचा युक्तिवाद आहे.

गोदाकाठ
ताई, सोयीचं तेवढं उचललंत. ऋग्वेद, दहावं मंडल, सूक्त 95. पुरूरवा राजा ‘थांब, बोलू’ म्हणत मागे लागलाय आणि उर्वशी सांगते, घरी जा, मी वाऱ्यासारखी, हाती लागायची नाही. तो मरायची धमकी देतो. ती म्हणते, मरू नकोस, पण बायकांशी सख्य नसतंच, त्यांची काळजं तरसाची. ही इंद्राची नोकर? अटी घालून राहिली, अट मोडली, निघाली. माझी मोठी बहीण अशीच निघाली तेव्हा अख्खी आळी नावं ठेवत होती. तिला शाळेत रंभेऐवजी ही उर्वशी शिकवली असती तर बरं झालं असतं.

तिखटमीठ
बहिणीबद्दल आदर आहे. पण ‘तू मला उघडा दिसायचा नाहीस’ ही तिची अट मोडली कुणी? शतपथ ब्राह्मणात गंधर्व रात्री तिची कोकरं चोरतात, राजा तसाच उघडा धावतो, तेवढ्यात तेच गंधर्व वीज पाडतात. तिला परत न्यायचा डाव वरच शिजला होता.

खडूस_काका
मूळ फोटोबद्दल कुणी बोलेल का? देवळावर बाई दिसली की अप्सरा! पायातला काटा काढणारी, आरसा बघणारी, केस पिळणारी, या सुरसुंदरी, म्हणजे देवळाच्या भिंतींवर कोरलेल्या देखण्या बायका. मार्कंड्याच्या देवळात जा नाहीतर खिद्रापूरच्या, गाइडचं एकच पालुपद: ‘ये भी अप्सरा, वो भी अप्सरा.’ खरी बघायची तर अजिंठ्याचं 17 नंबरचं लेणं. व्हरांड्यात, डोक्याला पागोट्यासारखं काहीतरी, आणि गळ्यातले मोत्यांचे सर एका बाजूला झुकलेले. पंख नाहीत, तरी ती उडतेय हे त्या सरांवरून कळतं. पाचव्या शतकातला हात आहे तो. तिच्यावर एकाने मोबाइलचा फ्लॅश मारला. हटकलं तर म्हणतो, ‘काका, तिकीट काढलंय.’

रानमेवा
आमच्याकडे अप्सरा स्वर्गात नाहीत, मळ्यातल्या विहिरीवर आहेत. साती आसरा. सात दगड, शेंदूर, शेजारी राखणीला म्हसोबा. हिरव्या बांगड्या, खण, दहीभात. आमची आत्या ओली बाळंतीण असताना भर दुपारी तिथे गेली आणि अंथरुणाला खिळली. आजीने आसरांची ओटी भरली तेव्हा उठून बसली.

चष्मेवाला
उठली ती औषधांनी. बाळंतिणीला ताप येतो, त्यात आसरांचा काय संबंध? ‘आसरा लागल्या’ म्हणत दवाखाना लांबवल्याने माझी स्वतःची काकू गेली.

रानमेवा
काकूंचं वाईट वाटलं. पण मी दवाखान्यात नेऊ नका असं कुठे म्हटलं? आत्याच्या गोळ्या चालूच होत्या. ओटीने कुणाचं काय बिघडलं?

नांगरट
आमच्या विहिरीला कठडा नव्हता. आई म्हणायची, बारा वाजता गेलास तर आसरा ओढून नेतील. त्या भीतीने आम्ही भावंडं जगलो.

चष्मेवाला
मग कठडा बांधायचा! शेंदराला पैसे आहेत, कठड्याला नाहीत?

नांगरट
शेंदराची पुडी आणि सिमेंटची गोणी यांच्या भावातला फरक तुम्हाला माहीत नसेल, तर शेतीवर बोलू नका. कठड्यासाठी अर्ज करून वडील थकले. आधी तुमच्या सोसायटीच्या टाकीला झाकण आहे का ते बघून या, मग आम्हाला शिकवा.

चष्मेवाला
झाकण आहे. कुलूपसुद्धा आहे.

नांगरट
अभिनंदन.

गोदाकाठ
विहीर राहू द्या हो. आसरा आणि इंद्रसभा यांचा काय संबंध? इथे नाच नाही, गाणं नाही, कुणाचं तप मोडायचं नाही.

रानमेवा
संबंध पाण्याचा. तुमच्याच शतपथात पुरूरव्याला उर्वशी परत दिसते ती तळ्यात, सख्यांबरोबर पाणपक्षी होऊन पोहताना. आमच्या आजीला ती बरोबर ओळखू आली असती. दरबार, नाच वगैरे शहरी लोकांनी ठेवला, पाणी आमच्याकडे राहिलं.

खडूस_काका
हे मात्र बऱ्यापैकी बोललात. फोटो टाका त्या दगडांचा, फ्लॅश न मारता.

गोदाकाठ
मुद्द्यावर येऊ. महाभारतात उर्वशीने अर्जुनाला नपुंसक होण्याचा शाप दिला. नकार मिळाल्यावर शाप द्यायची ताकद गुलामाकडे असते?

तिखटमीठ
आणि तो शाप एका वर्षावर कुणी आणला? इंद्रानेच. वर लेकाला सांगितलं, अज्ञातवासात उपयोगी पडेल.

खडूस_काका
भांडता कशाला, जुनी हस्तलिखितं ताडून केलेल्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तो प्रसंग मुख्य संहितेत नाहीच.

गोदाकाठ
काका, तुमच्या चिकित्सक आवृत्तीने आमची अर्धी कीर्तनं कापली! बरं, ऋग्वेदातली उर्वशी तरी ठेवाल ना?

तिखटमीठ
ती घ्या. वाजतगाजत न्या. बाकीच्या दरबारातच राहतात.

गोदाकाठ
मेनकाही न्यायचीय. महाभारताचं आदिपर्व बघा. विश्वामित्राचं तप मोडायला इंद्र तिलाही पाठवतो. तीही घाबरते, पण रंभेसारखी ‘जवळ थांबतो’वर भागवत नाही. वस्त्र उडवायला वारा हवा, मदतीला मदन हवा, असं आधी ठरवून घेते आणि मग निघते. अटी घालून काम घेणारी बाई आहे ती.

तिखटमीठ
आणि काम झाल्यावर मुलीला मालिनीच्या काठी ठेवून परत ड्युटीवर. पाखरांनी सांभाळलं म्हणून शकुंतला वाचली. छान अटी!

गोदाकाठ
‘मुलीला टाकून गेली’ हा डाग मेनकेच्या माथी कायमचा. बाप तिथेच बसला होता ना, त्याला एवढ्या वर्षांत कुणी विचारलं?

तिखटमीठ
हे पटलं. सवय लावून घेऊ नका.