जुन्या गाडीत कंपनीचं सेकंडहँड नेव्हिगेशन: बसवावं की नाही?

गोदाकाठ: माझी सेडान २०१६ ची, खालच्या व्हेरियंटची. वरच्या व्हेरियंटला कंपनीचंच नेव्हिगेशन यायचं. त्याच मॉडेलच्या ठोकलेल्या गाडीतून काढलेला पूर्ण सेट, स्क्रीन, बॉक्स आणि जीपीएसचा अँटेना धरून, अंबड लिंक रोडला एका जुन्या पार्टवाल्याकडे आहे. माझं मत बसवावा असंच आहे. आठवड्यातून दोनदा हरसूलकडे जातो. घाटात रेंज जाते, उन्हात काचेला चिकटवलेला फोन तापून स्क्रीन मंद होते. कंपनीच्या सेटला डॅशबोर्ड कापावा लागत नाही, आणि चाकांच्या वेगाचा सिग्नल मिळत असल्याने उपग्रह दिसेनासे झाले तरी गाडी किती पुढे गेली ते त्याला कळतं.

सातपूर वायरमन: घेऊ नका. कपलर (तारा जोडायचा प्लग) बसला म्हणजे सेट चालला असं होत नाही. सेटच्या मेमरीत जुन्या गाडीचा चासी नंबर असतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच मॉडेलांत कॉम्पोनंट प्रोटेक्शन असतं: सेट दुसऱ्या गाडीत गेला की आवाज बंद पडतो किंवा काही सोयी चालत नाहीत, आणि ते कुलूप अधिकृत सर्व्हिस सेंटरने कंपनीच्या सर्व्हरला जोडूनच निघतं. काही गाड्यांत नकाशाचं एसडी कार्डसुद्धा त्या एकाच गाडीशी बांधलेलं असतं. माझ्याकडे एक गिऱ्हाईक असाच सेट घेऊन आलं होतं. दोन दिवस हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, जुळवला, स्क्रीन लागली, गाडी मुकी. दुकानदाराने सेट परत घेतला नाही. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो, म्हणून एवढं लिहितोय.

घोटी-इगतपुरी: वेगाच्या सिग्नलचा मुद्दा खरा आहे. समृद्धीचा इगतपुरीजवळचा जुळा बोगदा जवळपास ८ किमीचा, आत फोनचा बाण जागीच गोठतो. पण सेटमधला नकाशा कोणत्या सालचा? इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. २०१६ च्या नकाशात हा रस्ताच नाही. तुमचा सेट वेग बरोबर मोजेल आणि गाडी डोंगरात दाखवेल.

गोदाकाठ: मान्य, पण माझा रस्ता पेठ-हरसूलचा, तो दहा वर्षांत कुठे हलला नाही. आणि कुंभात गर्दीने नेटवर्क बसतं तेव्हा फोन काय करणार?

पंचवटीकर: दादा, जीपीएसला सिम लागत नाही. नाशिक जिल्ह्याचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, हरसूलच्या घाटातही रस्ता दिसेल. कुंभाचं म्हणाल तर २०१५ च्या पर्वण्यांना गाड्या शहराबाहेरच थांबवल्या होत्या. कोणता रस्ता पोलिसांनी बंद केलाय हे बंदिस्त नकाशाला कधीच कळणार नाही.

सिडकोची ताई: मी मात्र गोदाकाठ यांच्या बाजूने. आमच्या गाडीत असाच सेट पाच वर्षं चालतोय, त्याच मॉडेलचा आणि त्याच सालचा घेतला म्हणून. बाबांचं वय ७१. फोनवर मध्येच कॉल आला की नकाशा हरवतो आणि ते गोंधळतात. इथे मोठी स्क्रीन, मोठी अक्षरं, स्टेअरिंगवरची बटणं. ही सोय किरकोळ नाही. फक्त तारीख तपासा. जीपीएस तारीख आठवडे मोजून ठरवतं, आणि ६ एप्रिल २०१९ ला तो आठवड्यांचा आकडा १०२३ नंतर पुन्हा शून्यावर गेला; सॉफ्टवेअर जुनं असेल तर काही सेट तारीख जवळपास वीस वर्षं मागची दाखवतात.

पंचवटीकर: आणि सेट चोरीचा निघाला तर? चोरीचा माल माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असताना घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. ज्या गाडीतून काढला तिचा चासी नंबर पावतीवर हवाच.

गोदाकाठ: हे पटलं. उद्या दुकानात बॅटरी लावून सेट चालू करायला सांगतो, तारीख आणि नकाशाचं साल बघतो. जुन्या मालकाचे घरचे पत्ते, फोन नंबर आत असतील तर तिथेच पुसायला लावतो. चासी नंबर मिळाला नाही तर घेणार नाही. मिळाला, तर मात्र बसवणार.

सातपूर वायरमन: मग "गाडीत चालला नाही तर पैसे परत" हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी नको. बसवताना बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबा, मगच डॅशबोर्ड उघडा. आत पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला हात लावू नका.