ऊर्जापातळी, कक्षा, कवच, कक्षक : कुठे कोणता शब्द?

(बोलणाऱ्यांची ओळख त्यांच्या गावाच्या नावाने.)

फोंडा : मराठी माध्यमातून आलेली मुले अकरावीत इंग्रजी विज्ञानाला अडतात, त्यांच्यासाठी टिपण काढते आहे. बोरच्या अणूत (नील्स बोर याने मांडलेल्या अणूच्या चित्रात) इलेक्ट्रॉन ‘वरच्या कक्षेत’ गेला म्हणावे की ‘वरच्या पातळीवर’? काही ठिकाणी कवचही दिसते.

म्हापसा : बाई, तिन्ही एकत्र कालवू नका. कक्षा म्हणजे वाट. तिला त्रिज्या असते. पातळीला असते ती ऊर्जा. बोरच्या 1913च्या हिशेबाने हायड्रोजनच्या पहिल्या चार कक्षांच्या त्रिज्या 0.053, 0.212, 0.476, 0.847 नॅनोमीटर, म्हणजे वर्तुळे बाहेर जाताना विरळ होतात. ऊर्जा मात्र उणे 13.6, उणे 3.4, उणे 1.51, उणे 0.85 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे छोटे एकक), पातळ्या वर जाताना दाटतात. मुले मंगेशीच्या दीपस्तंभाचे मजले चढवावेत तशा सारख्या अंतरावर रेघा ओढतात आणि गणितात फसतात. पहिलीवरून दुसरीवर जायला 10.2 लागतात, दुसरीवरून तिसरीवर फक्त 1.89.

पणजी : तो 1.89 प्रयोगशाळेत दिसतो. 1240ला (इलेक्ट्रॉन-व्होल्टवरून नॅनोमीटरमध्ये तरंगलांबी काढायचा स्थिरांक) त्याने भागा : 656 नॅनोमीटर, हायड्रोजनची लाल रेषा. मिलिमीटरला 600 रेघांची ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची पट्टी) असेल तर पहिल्या क्रमात ती सुमारे 23.2 अंशांवर येते, 486ची हिरवट निळी 17च्या आसपास. डावी-उजवीकडचे कोन सारखे येत नसतील तर ग्रेटिंग किरणांना काटकोनात नाही. आणि आपल्याकडच्या पावसात तिच्यावर बुरशी धरते. फडक्याने पुसलीत तर रेघांना ओरखडे पडतील. सिलिका जेल घालून डब्यात बंद ठेवा.

फोंडा : आणि कवच?

म्हापसा : मुख्य क्वांटम अंक (1, 2, 3 असा क्रमांक) सारखा असलेल्या इलेक्ट्रॉनांचा गट. पहिल्या तिनांत मावतात 2, 8, 18. हायड्रोजनमध्ये एका कवचाची एकच पातळी धरली तरी चालते, सोडियमला नाही. तिथे 3एस आणि 3पी हे उपगट एकाच कवचातले, पण पातळ्या निराळ्या. मधला फरक सुमारे 2.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यांचा 589 नॅनोमीटरचा पिवळा उजेड तो हाच. ‘कवच म्हणजेच पातळी’ असे लिहिलेत तर हा उजेड समजावता येणार नाही.

मडगाव : कक्षकाला (इंग्रजीत orbital) जपा. शब्द कक्षेला इतका जवळचा की वहीत उतरवताना हमखास कक्षाच होते. कक्षक ही वाट नव्हे. इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, ते त्यावरून कळते. म्हणून कक्षकात इलेक्ट्रॉन ‘फिरतो’ लिहू नका, ‘असतो’ लिहा. जाता जाता : ground state, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था, तिला ‘भूमी अवस्था’ नको, ‘मूळ अवस्था’ बरी.