स्टेंटचं सीटी धूसर आलं: दोष मशीनचा की सेटिंगचा?

रंकाळाकर: अण्णांना 2019 मध्ये हृदयाच्या शिरांत दोन स्टेंट (धातूच्या जाळीच्या नळ्या) बसले. परवा जोतिबाच्या पायऱ्या चढताना छाती भरून आली, म्हणून डॉक्टरांनी सीटी अँजिओ (शिरांचा स्कॅन) सांगितली. रिपोर्टात बाकी शिरा ठीक, आणि स्टेंटपाशी एकच ओळ: ब्लूमिंगमुळे (धातू पसरून जाड दिसल्यामुळे) आतली पोकळी सांगता येत नाही. ज्यासाठी गेलो तेवढंच सोडून सगळं सांगितलं की! माझं मत, स्टेंटवाल्यासाठी वेगळी सेटिंग लावायची नसेल तर सेंटरनं केस घेऊच नये.

तिकटीवरचा: भावा, सेटिंगनं धातू पातळ होतो काय? स्टेंट असला की सरळ कॅथलॅब, म्हणजे शिरेत नळी घालून अँजिओ. अडथळा दिसला तर तिथंच फुगा मारता येतो. सीटी करून परत अँजिओ म्हणजे डाय (शिरा दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध) दोनदा. शुगरवाल्याच्या किडनीनं का सोसायचं?

गँट्रीपाशी: मी टेक्निशियन आहे, म्हणून बोलतो. स्टेंटची तार मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी, नव्यात त्याहूनही बारीक. आमच्या चित्राचा एक ठोकळा अर्ध्या मिलिमीटरचा. तारेचा कोपरा जरी त्यात आला तरी अख्खा ठोकळा पांढरा. रात्री हायवेला समोरच्या ट्रकचा हेडलाइट जसा पसरतो, तसं. धातू पातळ होत नाही, पण शार्प कर्नेल, म्हणजे चित्र बनवायची धारदार सेटिंग, लावला (फौजेतला कर्नल नव्हे) की कडा आवळतात. चित्र दाणेदार होतं, ते इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शननं (दाणे कमी करणाऱ्या गणितानं) सावरायचं. बघताना विंडो, म्हणजे काळ्या-पांढऱ्याची रेंज, रुंद ठेवायची, 1500 च्या आसपास. नेहमीच्या विंडोत स्टेंट म्हणजे नुसती पांढरी कांडी.

आणि स्कॅनच्या वेळी हृदयाचे ठोके किती होते?

रंकाळाकर: 82. पार्किंगवरून भांडून वर आले होते. लगेच टेबलावर घेतलं.

गँट्रीपाशी: मग झालंच. साठच्या आसपास आणायला बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणारं औषध) देऊन थांबवतात, दमा वगैरे नाही ना ते विचारून. हललेल्या चित्राला कुठलाही कर्नेल वाचवत नाही.

तिकटीवरचा: बघा, शेवटी नाहीच ना वाचत! आणि स्टेंटची साईज कोण विचारणार? अमेरिकेच्या 2021 च्या छातीदुखीच्या गाईडलाईनमध्येसुद्धा सीटीसाठी 3 मिलिमीटर आणि वरचेच स्टेंट धरलेत.

रंकाळाकर: अण्णांच्या पाकिटातलं कार्ड काढलं. एक 3.5, दुसरा 2.75. कार्डाची घडी फाटलीय, आकडे कसेबसे वाचता आले. सेंटरवर कुणी मागितलंही नव्हतं.

शाहूपुरीकर: फोटॉन काउंटिंग सीटीवर (एक्स-रेचा एकेक कण मोजणारं नवं मशीन) 0.2 मिलिमीटरचे काप निघतात, 2021 मध्येच अमेरिकेत मंजुरी मिळालीय. बारके स्टेंटही बरेच मोकळे दिसतात.

तिकटीवरचा: छान. तोवर अण्णांनी छाती दाबून बसायचं?

गँट्रीपाशी: 2.75 बाबत तिकटीवरच्याचं मला पटतं, तिथं आमच्या मशीनवर भरवसा नको. पण चित्र फार हललेलं नसेल तर 3.5 चं अजून निघू शकतं. फक्त सीडी घेऊन जाऊ नका, सीडीत तयार चित्रं असतात. कर्नेल बदलायला रॉ डेटा (स्कॅनची मूळ नोंद) लागतो, तो मशीनवर थोडेच दिवस राहतो. स्कॅन कधी झाला?

रंकाळाकर: मंगळवारी. सकाळी कार्ड घेऊन आधी सेंटर, मग डॉक्टर.

तिकटीवरचा: उलट कर. आधी डॉक्टर. दुखणं बसल्या जागी यायला लागलं तर सेंटरही नको, थेट इमर्जन्सी.