मदत हवी आहे: जुनं सेसना विमान ऑनलाइन घेतोय, शुक्रवारपर्यंत टोकन द्यायचं आहे

माहुलीकर
नमस्कार मंडळी, घाईत लिहितोय. दोन महिने रोज रात्री जाहिराती चाळल्यावर मनासारखी सेसना सापडली आहे. रंग नवा, सीटा नव्या, किंमत ६४ हजार. ओव्हरहॉलनंतर (पूर्ण उघडून नव्यासारखं केल्यावर) इंजिन फक्त ३१० तास चाललंय, म्हणजे दर २,००० तासांनी ओव्हरहॉल या हिशेबाने जवळजवळ नवंच. विकणारा म्हणतो की आणखी दोघं मागे लागलेत, शुक्रवारपर्यंत ५ हजार टोकन आलं तर तो विमान राखून ठेवेल. आधीची दोन विमानं अशीच हातून गेली. प्रश्न एवढाच आहे: टोकन बँकेतून थेट पाठवू की एस्क्रोतून (व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या तिसऱ्या कंपनीतून)? विमान कशाला हवं, हे कृपया सांगू नका.

रानपाखरू
६४ हजार रुपये की डॉलर? आणि तुम्ही राहता कुठे? भारतात विमान आणणार असाल तर आधी डीजीसीएची (भारतातल्या विमानवाहतूक खात्याची) आयातीची परवानगी, मग भारतातली व्हीटी नोंदणी. टोकनाचा विचार त्यानंतर.

माहुलीकर
डॉलर. मी ओहायोत आहे, कोलंबसजवळ. विमान फ्लोरिडात आहे. प्रायव्हेट पायलट लायसन्स आहे, १४० तास झालेत. हे सगळं लिहायला हवं होतं.

घार_७२
सेसना म्हणजे कुठली? १५०, १५२, १७२, १८२? साल? ओव्हरहॉल कुठल्या वर्षी आणि कुणी केलं? लॉगबुकं (देखभाल-दुरुस्तीच्या नोंदवह्या) पहिल्या दिवसापासूनची आहेत का? शेवटचं अ‍ॅन्युअल (वार्षिक तपासणी) कधी झालं? हे कळल्याशिवाय टोकनावर बोलून उपयोग नाही. मी टेक्सासात १४ वर्षं १७२ सांभाळतोय.

माहुलीकर
१७२एम, १९७५ची. ओव्हरहॉल १९९६. अ‍ॅन्युअल संपलंय, पण विकायच्या आधी स्वतःच्या मेकॅनिककडून नवं करून देणार आहे. लॉगबुकांचं विचारतो. टोकनाचं सांगा ना.

घार_७२
टोकन राहू द्या. १९९६ पासून ३१० तास म्हणजे वर्षाला १०-११ तास. तुम्हाला ही जमेची बाजू वाटतेय, माझ्या मते हाच सगळ्यात मोठा धोका आहे. तुमच्या १७२एमला लायकमिंगचं ओ-३२० इंजिन आहे. त्यात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) वर बसतो. विमान महिनोन् महिने उभं राहिलं की वरचं तेल निथळून जातं, कॅम कोरडा पडतो आणि दमट हवेत त्याला गंज चढतो. नंतर चालू केलं की कॅमचे गंजलेले उंचवटे आणि त्यांना टेकलेले टॅपेट एकमेकांना खरवडतात. बाहेरून काही दिसत नाही, कॉम्प्रेशनसुद्धा ७६/८० असं छान येऊ शकतं, कारण ते सिलिंडरचं मोजमाप आहे, कॅमचं नाही. लायकमिंग स्वतः ओव्हरहॉलसाठी २,००० तास किंवा १२ वर्षं म्हणतं. खाजगी मालकावर त्याची कायदेशीर सक्ती नाही, पण कारण समजून घ्या. आज हे इंजिन उघडावं लागलं तर ३० हजारांच्या वर खर्च धरा.

आणि त्याच्या मेकॅनिकचं अ‍ॅन्युअल म्हणजे तुमची तपासणी नव्हे. प्री-बाय, म्हणजे घेण्याआधीची तपासणी, तुमच्या पैशाने आणि तुम्ही शोधलेल्या माणसाकडून करा, ज्याने हे विमान आधी कधी हाताळलेलं नाही. त्याला एक सिलिंडर काढून कॅम बघायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर तिथेच थांबा.

इंद्रायणीकाठ
सेसनाच्या मागे का लागलात? त्याच पैशात पायपर चेरोकी बघा. पंख खाली असल्यामुळे उतरताना वाऱ्यात स्थिर वाटते, पेट्रोल तपासायला शिडी लागत नाही. मी चेरोकी १४० नऊ वर्षं चालवली.

घार_७२
चेरोकीलासुद्धा ओ-३२०च आहे. कॅमची गोष्ट तीच.

इंद्रायणीकाठ
मी इंजिनाचं बोलतच नाहीये. लँडिंगचं बोलतोय.

माहुलीकर
चेरोकी बघितली होती. आई-बाबा दर उन्हाळ्यात साताऱ्याहून येतात, त्यांना लेक एरीवरून फिरवायचं आहे. चेरोकीला एकच दार, तेही उजव्या पंखावर चढून. आईचे गुडघे बघता ते जमणार नाही. सेसनात ती निदान पाय टाकून बसेल.

घार_७२
मग वजनाचंही बघा. १७२एमची मर्यादा २,३०० पौंड. रिकामं विमान साधारण १,४०० च्या पुढे. टाकीत वापरता येणारं पेट्रोल ३८ गॅलन, म्हणजे सुमारे २३० पौंड. उरले साडेसहाशे, फार तर. तुम्ही, पत्नी, आई आणि बाबा असे चौघं मोठे बसलात तर टाक्या पूर्ण भरता येणार नाहीत. सीट चार असल्या तरी हिशेब तीन माणसांचाच ठेवा.

शिवथरघळ
विमानाचा विषय निघालाच आहे तर कॅप्टन अमोल यादव यांची आठवण होते. कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ मध्ये मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते सगळ्यांनी पाहिलं. विकत घेण्यापेक्षा स्वतः बांधण्याचा विचार केलात का?

रानपाखरू
त्यांनी विमानाच्या नोंदणीसाठी किती वर्षं झगडा केला तेही लिहा. मराठी माणसाने विमान बांधलं याचा अभिमान मलाही आहे, पण प्रश्नकर्त्याला शुक्रवारपर्यंत उत्तर हवंय.

कऱ्हाडची_वैशाली
पायलटचं मेडिकल सर्टिफिकेट काढलं आहे ना? माझ्या दिरांचं रक्तदाबामुळे अडकलं होतं.

माहुलीकर
मेडिकल आहे, वैशालीताई.

सोनचाफा
मी फसता फसता वाचले, म्हणून लिहिते. अशीच स्वस्त जाहिरात, अशीच 'दोघं मागे आहेत' ही घाई. मी एफएएच्या (अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याच्या) नोंदणीत एन-नंबर (विमानाचा नोंदणी क्रमांक) टाकून पाहिला तर मालक भलत्याच राज्यातला निघाला. फोटो कुणाच्या तरी जुन्या जाहिरातीतले होते. विकणाऱ्याला म्हटलं, आत्ता व्हिडिओ कॉलवर शेपटीवरचा नंबर दाखव. त्यानंतर त्याचा फोन बंद. त्याने सुचवलेली एस्क्रो कंपनीसुद्धा खोटी होती. एस्क्रो वापरा, पण कंपनी तुम्ही निवडा. नोंदींचं मुख्य दफ्तर ओक्लाहोमा सिटीत आहे. तिथून टायटल सर्च (मालकीच्या कागदांचा शोध) करून घ्या, बँकेचा बोजा असला तर कळतो. तिथेच या विमानाचे जुने ३३७ फॉर्मही (मोठ्या दुरुस्त्यांच्या नोंदी) मिळतील. पंख कधी दुरुस्त झाला असेल तर नव्या रंगाखाली दिसणार नाही, त्या कागदांत दिसेल.

घार_७२
शंभर टक्के. फ्लोरिडात ते हँगरमध्ये होतं की उघड्यावर? समुद्रापासून किती लांब?

माहुलीकर
उघड्यावर बांधलेलं होतं, किनाऱ्यापासून चार-पाच मैल. एन-नंबर जुळतो, मालक तोच आहे. म्हणजे माणूस खरा आहे, एवढं तरी नक्की.

इंद्रायणीकाठ
माझं ऐका, जाहिरात छापील बघा. ट्रेड-अ-प्लेन हे पिवळ्या कागदावरचं विमानांच्या जाहिरातींचं पत्र, १९३७ मध्ये सुरू झालेलं. मी अजून ते पेन घेऊन वाचतो.

नीलांबरी_डेटन
सगळे इंजिनाच्या मागे लागलेत, मला वेगळंच विचारायचं आहे. माहुलीकर, तुम्ही नागरिक आहात की ग्रीन कार्डवर?

माहुलीकर
एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) केव्हाच मंजूर आहे, रांगेत आहोत. लायसन्स रीतसर मिळालंय, टीएसएची (अमेरिकेच्या प्रवास-सुरक्षा खात्याची) परवानगी घेऊनच शिकलो. त्याचा इथे काय संबंध?

नीलांबरी_डेटन
उडवायला काही अडचण नाही. मालकीला आहे. एन-नंबरची नोंदणी स्वतःच्या नावावर करायला अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं लागतं. एच-वन-बीवर तुमच्या नावाने हे विमान नोंदवलंच जाणार नाही. पैसे देऊन बसाल आणि कागद परत येतील. यासाठी ट्रस्टचा मार्ग आहे: नागरिक असलेला ट्रस्टी कागदोपत्री मालक आणि वापर तुमचा. त्याची फी दरवर्षी भरावी लागते.

घार_७२
हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ग्रीन कार्ड असलेल्या मित्राबरोबर भागीदारीत घेतलं तर?

नीलांबरी_डेटन
नाही चालत. भागीदारीत प्रत्येक भागीदार नागरिक लागतो, तिथे ग्रीन कार्डही पुरत नाही. क्लबचं वेगळं आहे. आमचा क्लब कॉर्पोरेशन म्हणून नोंदलेला आहे, अध्यक्ष आणि दोन तृतीयांश संचालक नागरिक, मतांचा ७५ टक्के हिस्सा नागरिकांकडे. उरलेल्या भागात तुमच्यासारखे सभासद बसतात.

माहुलीकर
तीन वर्षं पैसे साठवतोय आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. फ्लाइंग स्कूलमध्येही नाही.

दुसरं म्हणजे, काल रात्री विकणाऱ्याकडे लॉगबुकं मागितली. १९९६ च्या आधीचं इंजिनाचं पुस्तक 'घर बदलताना गेलं' म्हणतो. सिलिंडर काढायला नकार दिला. टोकन पाठवलेलं नाही. बाबा एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं होते, फोटो दाखवले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, 'गाडी किती दिवस उभी होती?' मी म्हटलं, बाबा, विमानाचं वेगळं असतं. आज फोन करून सांगतो त्यांना.

नीलांबरीताई, क्लबात आत्ता जागा आहे का? विमान कुठलं?

नीलांबरी_डेटन
एक सभासद डिसेंबरात जातोय. विमान १७२पी, १९८२ची, आठवड्याला दहा-बारा तास उडते. शनिवारी सकाळी नऊला या, आम्ही इंजिनाच्या तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत का ते बघणार आहोत, तुम्हीही बघा.

माहुलीकर
येतो. दोन्ही मुलांना आणलं तर चालेल का?

नीलांबरी_डेटन
आणा. जादा हेडसेट मात्र एकच आहे, एखादा मिळाला तर घेऊन या.