चर्चा : गॅरेजवाल्यानं सारखं नवीन शिकायलाच पाहिजे का?

उद्यमनगरचा पाना :
माझं गॅरेज कोल्हापूरच्या उद्यमनगरात, बावीस वर्षं झाली. सरळ बोलतो, पटलं नाही तर सांगा. एप्रिल २०२० ला बीएस-६ (गाडीच्या धुराचे नवीन सरकारी नियम) आलं, बहुतेक गाड्यांतला पेट्रोल सोडणारा कार्बोरेटर गेला, कॉम्प्युटरवर चालणारा इंजेक्टर आला, तरी आपल्यातल्या लय जणांनी नवीन काही शिकलंच नाही आणि त्याचा भुर्दंड गिऱ्हाईक भरायलंय.

गेल्या महिन्यात बावड्याचा एक पोरगा १५० सीसीची गाडी घेऊन आला, इंजिनचा पिवळा दिवा जातच नव्हता. दोन ठिकाणी दाखवून झालेलं, एकानं प्लग आणि एअर फिल्टर बदलला, दुसऱ्यानं थ्रॉटलचा सेन्सर नवा घातला, दिवा तसाच. मी टाकी उतरवली, सेन्सरचा कपलर (वायरींचा जोड) सोडवला, किल्ली ऑन करून मल्टीमीटर लावला, तिथं ५ व्होल्ट यायला पाहिजेत, येत होते ३ च्या आसपास. मग वायर बोटांनी चाचपत मागं मागं गेलो तर हँडलच्या मानेजवळ टेपच्या खाली एक वायर आतनं हिरवी पडलेली, वरचं प्लास्टिक शाबूत. चार बोटं वायर कापली, नवीन जोडून सोल्डर मारलं, गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसला, दिवा गेला. पोराचे सेन्सरचे पैसे फुकट गेले त्याचं मला खरंच वाईट वाटलं.

हे मला २०१९ पर्यंत येत नव्हतं. दोन दिवस शटर बंद ठेवून क्लास केला आणि पुढं सहा महिने रात्री जेवण झाल्यावर स्क्रॅपमधलं वायरिंग टेबलावर पसरून बसायचो.

रंकाळ्याचा गडी :
दादा, तुमचं कौतुक आहे पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. दोन दिवस शटर बंद म्हणजे दोन पोरांची हजेरी, गाळ्याचं भाडं, वर गिऱ्हाईक शेजारच्याकडं गेलं ते गेलं. कंपनीचं ट्रेनिंग मिळतं त्यांच्याच सर्व्हिस सेंटरच्या पोरांना, आम्हाला साधा वायरिंगचा नकाशा कोण देत नाही. आणि मी क्लास करून आलेली पोरं बघितल्यात, स्कॅनरवर (कोड वाचायचं मशीन) जे नाव येईल तो पार्ट बदलायचा एवढंच येतं. माझे वस्ताद स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून कुठला टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) वाजायलाय ते सांगायचे. हात बसायला वर्षं लागतात, सर्टिफिकेटनं हात बसत नाही.

याच कोल्हापुरात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला. ते कुठल्या क्लासला गेलेले?

शिरोलीची भट्टी :
बाबूरावांचं उदाहरण तुम्ही उलट्या बाजूनं दिलंय असं मला वाटतं. रंग-ब्रशचा माणूस लेन्स आणि गिअरपर्यंत गेला, म्हणजे शिकणं थांबवलंच नाही की त्यांनी. क्लास नव्हता म्हणून स्वतः खपले.

मी फाउंड्रीत आहे, लोखंड ओतायच्या कारखान्यात. आमचे जुने मेस्त्री वेज (पाचरीसारखा तुकडा) ओतून, थंड झाला की तोडून आत पांढरा पट्टा किती आलाय त्यावरनं लोखंड कसं आहे ते सांगायचे, आणि बरोबर सांगायचे. आता माल घेणारी पार्टी स्पेक्ट्रोचा (लोखंडात काय किती आहे ते मोजणारं मशीन) रिपोर्ट मागते. ज्या मेस्त्रींनी रिपोर्ट वाचायला शिकून घेतलं ते आज दोन्ही बघतात आणि त्यांना कोण हलवू शकत नाही. बाकीचे भट्टीवर साधे हेल्पर म्हणून राहिले, माणसं लय गुणाची होती.

शुक्रवार पेठ :
मी मेस्त्री नाही, गिऱ्हाईक आहे. २०२१ च्या पुरात माझी बीएस-६ स्कूटर पाण्यात होती. पाणी उतरल्यावर एका मेस्त्रीनं जुन्या पद्धतीनं ऑइल काढलं, प्लग पुसला आणि बटण मारलं. बॅटरीची वायर आधी काढली नव्हती, एकही कपलर उघडून वाळवला नव्हता. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला. माणूस प्रामाणिक होता, पैसे पण घेतले नाहीत त्यानं, पण माझी गाडी दीड महिना बंद. मला रोज गांधीनगरला जायला लागायचं कामाला, ते हाल मलाच ठाऊक.

रंकाळ्याचा गडी :
पुराचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. पण माझा प्रश्न तसाच आहे, पैसे आणि वेळ कुणी द्यायचा? तीस वर्षं पाना धरलेल्या माणसाला पन्नाशीत मल्टीमीटर घे म्हणणं सोपं आहे. पोरासारख्या पोरापुढं बसून विचारायचं जिवावर येतं ओ.

उद्यमनगरचा पाना :
पैशाचं तुमचं बरोबर आहे, मी त्यावर लिहायला पाहिजे होतं. मला पण कर्ज काढायला लागलं होतं स्कॅनरला. आणि नुसता कोड बघून पार्ट बदलणं म्हणजे शिकणं नव्हे हे शंभर टक्के मान्य, त्या बावड्याच्या पोराचं तेच झालं की. पण १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचा आहे, तिथं ब्रेकचं काम अंदाजानं केलं तर गिऱ्हाईकाच्या जिवाशी खेळ होतो, तिथं मी वयाचं कारण ऐकून घेणार नाही.

लाजायचं तर अजिबात नको. येत्या सुट्टीदिवशी सकाळी सातला माझ्याकडं या, शटर अर्धं खाली ओढतो, पोरं पण नसतात तेव्हा. मल्टीमीटर माझा, वायरिंग स्क्रॅपमधलं आहेच. फी नको. तुम्ही फक्त मला ते टॅपेटचं ऐकायला शिकवा, मला अजून नीट जमत नाही.

रंकाळ्याचा गडी :
साडेसहाला येतो. स्क्रू ड्रायव्हर लांब दांड्याचा लागतोय, माझा घेऊन येतो.