मदत हवी आहे: गावाकडे विजा चालू आहेत, परवापासून बंदची हाक, इन्व्हर्टर कोणता घ्यावा? (तातडीचं)

पाटोद्याचा_पोऱ्या
परवा बंदची हाक आहे, त्याच्या आत इन्व्हर्टर गावी पोचवायचाय. कोणता घ्यावा ते कंपनी-मॉडेलसकट सांगा. बजेट १५ हजार. जुना गेल्या आठवड्यात विजांनी जळाला. परतीच्या पावसानं उच्छाद मांडलाय, दुपारी चार वाजले की आभाळ येतं ते रात्रीपर्यंत कडाडत राहतं. घरी आई-अण्णा दोघंच. मी पुण्यात, रजा मिळत नाही. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी कृपया लांब राहावं.

तिसरा_फेज
लोड किती? घरात काय काय चालवायचंय? बॅटरी शाबूत आहे का तीही गेली?

पाटोद्याचा_पोऱ्या
२ पंखे, ४ बल्ब, एक मशीन. बॅटरी आहे, १५० एएच. मॉडेल सांगा ना.

कोयती_मावशी
आमच्या आजीचं एकच. गडगडायला लागलं की कोयती उचलायची आणि अंगणात भिरकावायची. सत्तर वर्षं घराला काही झालं नाही हो.

मुरमाड_माती
मावशी, कोयती टाकायला अंगणात जाणारा माणूसच पहिला सापडायचा.
दादा, इन्व्हर्टर राहू द्या, अर्थिंग बघा आधी. आपल्याकडे मुरमात एक सळई ठोकतात आणि त्यालाच अर्थिंग म्हणतात. नीट खड्डा घेऊन कोळसा-मीठ भरा, तांब्याची पट्टी टाका. माझ्या शेडवर वीज पडली तेव्हा याच्यामुळेच वाचलो.

तिसरा_फेज
कोळसा-मीठ आता कशाला? मीठ पट्टी खाऊन टाकतं. केमिकल अर्थिंग करा, एसपीडी (विजेचा झटका अडवणारं उपकरण) बसवा आणि मोकळे व्हा. आणि 'मशीन' म्हणजे कसलं? शिलाईचं? कडबाकुट्टी?

मुरमाड_माती
केमिकलवाले येऊन पाच हजार घेऊन जातात आणि मीटर लावून रेझिस्टन्स दाखवा म्हटलं की पळतात. पाच ओहमच्या खाली आलं तर अर्थिंग, नाहीतर नुसती सळई. हे मीठ-कोळशाला लागू आणि तुमच्या केमिकललाही.

पाटोद्याचा_पोऱ्या
श्वासाचं मशीन. अण्णांचं. अर्थिंगसाठी आत्ता खड्डा कोण खणणार? चिखल आहे सगळा.

नाइट_ड्यूटी
थांबा जरा. श्वासाचं म्हणजे बायपॅप, नेब्युलायझर की ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर? किती लिटरचं? दिवसातून किती तास लागतं? हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं हो.

पाटोद्याचा_पोऱ्या
ऑक्सिजनचं. ५ लिटरवालं. डॉक्टरांनी २ वर (मिनिटाला २ लिटर) ठेवायला सांगितलंय. रात्रभर आणि दिवसा अधूनमधून. दवाखान्यातून आणल्यापासून आहे.

गेवराईकर
२०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस बीडला जाळपोळ झाली तेव्हा मी तिथंच होतो. संचारबंदी, नेट बंद, एसट्या जागच्या जागी उभ्या. लोकांना वाटतं किराणा संपेल. किराणा संपत नाही हो, गावात कुणाच्याही घरी ज्वारी मिळते. अडतं ते पैशाला. फोनपेवर जगणाऱ्यांच्या खिशात दहाची नोट नव्हती. आई-अण्णांकडे शंभर-पन्नासच्या नोटा देऊन ठेवा. बँकेला जोडलेला नंबर साध्या फोनमध्ये असेल तर *९९# लावून पैसे पाठवणं नेटशिवाय चालतं, आधी एकदा वापरून पिन लावून ठेवा म्हणजे झालं. कॉल आणि मेसेज बहुतेकदा चालू राहतात, नेटच जातं.

सगळं_दिसतं_मला
बंद कुणाच्या जिवावर पुकारतात ते पण लिहा की. दर निवडणुकीआधी हाच तमाशा. मूळ प्रश्न आरक्षणाचा...

व्यवस्थापक
आरक्षणावर धागे आहेत, तिकडे जा. इथला पुढचा भाग उडवला आहे.

पावसाळी_किडा
दामिनी ॲप टाका त्यांच्या फोनमध्ये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलंय, आसपास वीज पडत असेल तर सूचना देतं. मोफत आहे.

गेवराईकर
आणि नेट बंद झाल्यावर दामिनी काय टपालानं कळवणार?

पावसाळी_किडा
मग चमकल्यापासून आवाजापर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. जुना रेडिओ असेल तर मिडियम वेव्हवर लावून ठेवा, वीज जवळ आली की खरखर वाढते. एफएमवर हे कळत नाही.

ढाका_रिटर्न
मी गारमेंटच्या नोकरीत ढाक्यात होतो, जुलै २०२४ मध्ये. १८ तारखेला नेट गेलं, १९ च्या मध्यरात्री संचारबंदी लागली. तांदूळ, डाळ, पाणी सगळं भरलेलं होतं, आम्ही एकदम हुशार. आमचा वीजमीटर प्रीपेड, रिचार्ज मोबाइलवरून. नेट नाही म्हणजे रिचार्ज नाही. तारेत वीज होती आणि घरात अंधार. संचारबंदी सैल झाली की लोक पैसे हातात घेऊन रिचार्जच्या रांगेत. ब्रॉडबँड २३ पासून हळूहळू आलं, मोबाइलचं नेट २८ ला. तेव्हा घरात काय साठवलंय यापेक्षा घरातलं काय काय ओटीपीवर चालतं ते बघा. गॅस बुकिंग आजच करून टाका.

कोयती_मावशी
मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ करून ठेवावं. पंधरा दिवस भाजीवाला नाही आला तरी चालतं.

चपातीप्रेमी
कुळीथ बीडमध्ये कोण खातं मावशी, पिठलं-भाकरी म्हणा.

साखर_कमी
आईंचं इन्सुलिन असेल तर फ्रिज बंद पडल्यावर घाबरू नका. कोरं मडकं, ओलं फडकं, सावलीत. उन्हाळ्यातही टिकतं. बर्फात मात्र घालायचं नाही, गोठलं की टाकून द्यावं लागतं.

पाटोद्याचा_पोऱ्या
आईला शुगर नाही हो. कुणी मॉडेल सांगणार आहे का? दुकान आठला बंद होतं.

नाइट_ड्यूटी
दादा, मॉडेल विसरा आणि हे वाचा. तुमचं मशीन साडेतीनशे वॅटच्या आसपास खातं, २ वर ठेवा नाहीतर ५ वर, फारसा फरक नाही. १५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, हाताशी येतात बाराशेच्या जवळपास. साडेतीन तास. पंखे लावले तर तेवढेही नाहीत. रात्र निघत नाही त्यात, कुठल्याही कंपनीचा घ्या.
दुसरं म्हणजे, जवळ कडाडायला लागलं की मशीनचा प्लग काढायलाच हवा. म्हणजे लाइट असली तरी त्या तासाभरात मशीन बंद. मग अण्णांनी काय करायचं?
सिलिंडर घ्या. छोटा बी टाइप साधारण दीड हजार लिटरचा, २ च्या फ्लोला बारा तास. जंबो सात हजार लिटरचा, दोन दिवसांच्या वर जातो. डिपॉझिटवर भाड्यानं मिळतो. सोबत रेग्युलेटर आणि चावी मागून घ्या, चावी नसेल तर सिलिंडर नुसता शोभेचा. फ्लो डॉक्टरांनी सांगितलाय तेवढाच, धाप लागली म्हणून आपल्या मनानं वाढवायचा नाही, फोन करायचा. डॉक्टरांची चिठ्ठी छापून दाराजवळ ठेवा, नाक्यावर अडवलं तर उपयोगी पडते. आणि बंद असो नसो, १०८ लावायला कचरू नका.

तिसरा_फेज
हे बरोबर. तरी इन्व्हर्टर लागेलच, प्युअर साइन वेव्हवाला, नाहीतर मशीनचा कॉम्प्रेसर कुरकुरतो. पण जुना जळाला त्या दिवशी नेमकं काय झालं? वीज घरावर पडली का? शेजाऱ्यांकडे काही गेलं?

पाटोद्याचा_पोऱ्या
घरावर नाही पडली. वारं सुटलं होतं. आई म्हणते पंखे एकदम गरागरा फिरायला लागले, बल्ब पांढरे झाले आणि मग धूर. शेजारच्यांचा टीव्ही गेला, पलीकडच्या आळीत काही झालं नाही.

तिसरा_फेज
मग ती वीज नव्हेच! खांबावरचा न्यूट्रल सुटला. वाऱ्यात तार हलली, जोड गेला, २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्टेज घरात शिरलं. माझा एसपीडीचा सल्ला इथं कामाचा नाही, एसपीडी क्षणभराचा झटका खातो, मिनिटभर चारशे आलं तर स्वतःच जळतो. एमसीबी तर बघत बसतो. मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ बसवून घ्या, दीड-दोन हजारात होतं, गावातला कुणीही वायरमन अर्ध्या तासात बसवेल. आणि खांबावरचा जोड तपासायला महावितरणच्या १९१२ वर तक्रार टाकून नंबर लिहून ठेवा. तो जोड तसाच असेल तर नवा इन्व्हर्टरही त्याच वाटेनं जाईल.

मुरमाड_माती
म्हणजे शेवटी अर्थिंगच! घरचं अर्थिंग चांगलं असतं तर...

तिसरा_फेज
नाही हो काका. घरच्या सळईनं खांबाचा न्यूट्रल सांभाळायचा नसतो. कोळसा तुमचा तुम्ही ठेवा.

वारसदार_नोंद
वीज पडून माणूस दगावला तर वारसांना शासनाकडून ४ लाख मिळतात. पंचनामा आणि शवविच्छेदन झालंच पाहिजे, तलाठ्याला लगेच कळवावं.

चपातीप्रेमी
अहो काय हे, त्यांचे अण्णा बरे आहेत!

पाटोद्याचा_पोऱ्या
बीडहून एक जंबो आणि एक छोटा मिळतोय, चुलतभाऊ पिकअपमधून आज रात्रीच नेतोय. कटऑफ पाटोद्यात मिळाला, वायरमन सकाळी येतो म्हणालाय. सिलिंडर कुठं ठेवू? देवघराशेजारी जागा आहे.

नाइट_ड्यूटी
देवघराशेजारी अजिबात नाही!! दिवा, उदबत्ती, चूल, विडी, सगळ्यांपासून लांब. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण बाजूला ठिणगी असेल तर भडका करतो. खोबरेल किंवा ग्रीसच्या हातानं रेग्युलेटरला हात लावायचा नाही, चावी घट्ट बसते म्हणून तेल सोडतात लोक, तेही नाही. उभा ठेवा, खिडकीच्या गजाला दोरीनं बांधा. घर पत्र्याचं आहे का?

पाटोद्याचा_पोऱ्या
हो, पुढचं पत्र्याचं, मागे स्लॅबची एक खोली.

पावसाळी_किडा
मग कडाडताना दोघांना स्लॅबच्या खोलीत बसवा. भिंतीला टेकायचं नाही, नळाला हात लावायचा नाही, अंघोळ-भांडी नंतर. मोबाइलवर बोलायला हरकत नाही, त्यानं वीज ओढली जात नाही. वायरवाला लँडलाइन असेल तर तो उचलायचा नाही.

पाटोद्याचा_पोऱ्या
मागच्या खोलीतच देवघर आहे. आईला फोन केला, दिवा पुढं न्यायला सांगितला. ती म्हणते सिलिंडर पुढं ठेव, देव हलणार नाहीत.

कोयती_मावशी
देव कशाला हलवायचे, दिवा तेवढा तुळशीपाशी लावा म्हणावं. संध्याकाळचा तिथंच शोभतो.

गेवराईकर
तुळस अंगणात आहे मावशी. चार वाजता.