प्रतिसाद: भाजत नाही, फक्त बघतो

वर एकांनी विचारलंय, "लेझरने त्वचेचा फोटो काढतात म्हणजे चामडी भाजत नाही का?" नाही हो. तीळ जाळायचा लेझर वेगळा, हा वेगळा. यात ८३० नॅनोमीटरचा जवळचा अवरक्त किरण असतो, शक्ती जेमतेम काही मिलिवॉट. परतलेल्या प्रकाशातून एका सूक्ष्म छिद्राने फक्त एकाच पातळीवरचा प्रकाश घ्यायचा, बाकीचा अडवायचा. असं बघणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला कॉन्फोकल म्हणतात; त्याची मूळ कल्पना मार्विन मिन्स्की या अमेरिकन शास्त्रज्ञाची, १९५७ सालच्या पेटंट-अर्जातली.

जिवंत माणसाच्या त्वचेवर ती बोस्टनमध्ये वापरली गेली, १९९५ च्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक मिलिंद राजाध्यक्ष. (आडनाव वाचून मला उगाच घरचं कार्य असल्यासारखं वाटलं.) त्यात दिसलं की मेलॅनिन, म्हणजे कातडीचं रंगद्रव्य, प्रकाश जोरात परतवतं. म्हणजे आपल्या सावळ्या कातडीतल्या तळाच्या पेशी पडद्यावर चक्क पांढऱ्या चमकतात, केंद्रकं काळी. केशवाहिनीतून रक्तपेशी सुळकन जाताना दिसतात, ते मात्र बघण्यासारखं.

मर्यादा खोलीची. साधारण ०.२ मिलिमीटरपर्यंतच नीट दिसतं. शिवाय चित्र आडव्या कापाचं, म्हणजे त्वचेला समांतर मिळतं. बायॉप्सीत (तुकडा कापून तपासतात त्यात) उभा काप बघायची सवय असलेल्याला सुरुवातीला काहीच उमगत नाही.

त्यामुळे परळला आत्याच्या नाकावरच्या डागाची बायॉप्सीच झाली. दोन टाके, आणि दादरहून येताना लोकलमध्ये तिची एकच तक्रार, "नथ कुठे घालू आता?"